चौदावं केळं

शेवटचं केळं मावशीच्या हातातच राहिलं.

बस तळ्याचा कच्चा रस्ता सोडून डांबरीला लागली होती. एका हाताने वरची दांडी धरून मावशी पुढच्या बाकापासून केळी वाटत आली होती, आणि मागच्या काचेशी पोचली तेव्हा पिशवी रिकामी व्हायला हवी होती. काल तिने स्वतः चौदा निवडून घेतली होती. पंधरावं घेतलं की त्या एकावरून रामायण होतं, हे तिला नऊ वर्षांच्या सहलींनी शिकवलं होतं.

"कुणाला मिळालं नाही?"

कुणी हात वर केला नाही. सगळी तोंडं भरलेली होती.

"एरवी दोनदा मागता, आज काय साधुसंत झालात सगळे?"

"मला चालेल," भोंगा म्हणाला. मुलांच्या यादीत तो आठ नंबर होता, पण त्याचा आवाज ऐकल्यावर नंबराची कुणाला गरज पडत नसे. त्याच्या शेजारी, खिडकीच्या बाजूला, पाण्याची एक छोटी बाटली आडवी पडली होती. बाटलीच्या शेजारी कुणी नव्हतं.

"मुंगी कुठाय?"

भोंग्याने बाटलीकडे पाहिलं. "पुढे असेल. तिला मळमळतं ना, म्हणून मला वाटलं पुढे बसली."

मावशीने पुढे पाहिलं. ड्रायव्हरकाकांच्या बाजूच्या एकेरी सीटवर तिची स्वतःची पिशवी होती आणि सहलींची वही होती. ती चालत्या बसमध्ये पुढे निघाली, प्रत्येक बाकापाशी वाकून खाली बघत. मुंगी पाच वर्षांची, पण चणीने साडेतीनची. ती बाकाखाली सहज मावली असती. बाकांखाली चपला होत्या, एक रंगीत खडू होता, आणि एका मुलाने लपवून आणलेला दगड होता.

"काका, बस थांबवा."

"इथे? वळण आहे ताई. कुणाला ओकारी आलीय का?"

"थांबवा."

तिने प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत मोजलं. तेरा. मागून पुढे मोजलं. तेरा. दुसऱ्या वेळी हात लावताना बोटं जरा जास्तच दाबली गेली असावीत, कारण तीन नंबरची शहाणी मुलगी "आई गं" म्हणाली.

"फाटकापाशी चौदा झाले होते," मावशी म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिलाही ठाऊक नव्हतं.

भोंग्याचं चावणं थांबलं.

"नऊ मी म्हणालो," तो म्हणाला. त्या आवाजात भोंग्याचं काहीच नव्हतं.

"काय म्हणालास?"

"आठ माझा, आणि नऊ तिचा. तूच सांगितलं होतंस सकाळी. तिचा घसा बसलाय, तिचा नंबर तू म्हण."

सांगितलं होतं. सकाळी सहाला मुंगीच्या आईचा फोन आला होता. सोबतीला दुसरं मोठं माणूस म्हणून आईच येणार होती. पण शिवणकारखान्यात अचानक तातडीचं काम निघालं होतं, सुट्टी रद्द झाली होती. पोरीचा घसा बसलाय, आवाज अजिबात फुटत नाही, ताप नाही, पाठवू की नको? मावशी दुसरं मोठं माणूस नाही म्हणून सहल पुढे ढकलू शकली असती. पण परक्या मुलखातून आलेली बदकं आठवड्याभरात परत जाणार होती. पुढे ढकलायची म्हणजे पुढच्या हिवाळ्यावर ढकलायची. "पाठवा हो," ती म्हणाली होती, "बिनआवाजाचं पोर तर पक्ष्यांना आवडेल." दोघी हसल्या होत्या.

मग दिवसभर भोंगा आठ म्हणायचा आणि आवाज बारीक करून नऊ म्हणायचा, आणि दरवेळी सगळे खिदळायचे. फाटकापाशीही खिदळले असतील. मावशीची तेव्हा पाठ होती. बस मागे घेताना एखादं पोर चाकाजवळ जाऊ नये म्हणून ती दोन्ही हात पसरून, मुलांकडे पाठ करून उभी होती आणि कानांनी मोजत होती. तेरा, चौदा. चला, चढा.

"वळवा," ती म्हणाली.

"पुढच्या नाक्यापर्यंत जावं लागेल. इथे रस्ता अरुंद आहे."

"काका, ती तिथे राहिलीय."

काकांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं, मग बस पुढे घेतली. नाका येईपर्यंत बस तळ्यापासून लांबच जात राहिली. मावशी दांडी धरून उभी होती, आणि ते लांब जाणं तिला पाठीच्या कण्यात कळत होतं.

वहीत चौकीदाराचा नंबर होता. फोन वाजत राहिला. वहीत हेही होतं: चौकीदार एकला घरी जेवायला जातो, फाटक तीनला उघडतो, एकच्या आत निघणे. ते तिने लाल शाईने लिहिलं होतं. घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

ही वही म्हणजे मावशीच्या बालवाचनालयात सगळ्यांच्या थट्टेचा विषय होता. कुठलीही सहल ठरली की मावशी आठवडाभर आधी एकटी जाऊन यायची आणि अर्धी वाट उकिडवी बसून बघायची, कारण पोराच्या उंचीवरून जग वेगळं दिसतं. बर्फाचा कारखाना, अग्निशमन केंद्र, बहराच्या दिवसांतली फळबाग, सगळ्यांना एकेक पान. पानावर रकाने: वाट, सावली, पाणी, संडास, आणि शेवटचा रकाना, भीती कशाची. तळ्याच्या पानावर तिथे लिहिलं होतं: पाणी. फळ्यांच्या पुलाच्या कठड्यात फट, एक वीत दोन बोटं. पोर जाणार नाही.

मावशीने सीटवर टेकून मांडीवर वीत पसरली आणि पुढे दोन बोटं ठेवली. त्या अंतराकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग मूठ मिटून घेतली.

"मुंगी बुडाली का?" तीन नंबरने विचारलं.

"नाही."

"मग तू रडतेस का?"

"रडत नाहीये. काका, जरा जोरात."

"जोरातच आहे ताई. ह्याहून जोरात घेतली तर हे तेराही माझ्या गळ्यात पडतील."

फाटकाला साखळी होती, पण कुलूप नव्हतं. मावशीने केळ्याची पिशवी खाली टाकली.

"दार आतून लावून घ्या. कुणालाही उतरू देऊ नका. तुम्हीही उतरू नका."

"मी येतो ना शोधायला. दोघं असलो तर—"

"आत तेरा जण आहेत, काका."

फाटकापासून पुलापर्यंतची वाट तिने वहीत सहा मिनिटांची लिहिली होती, मुलांच्या पावलांनी. तिने ती किती वेळात कापली ते तिला पुढेही कधी सांगता आलं नाही. पुलावर पाय पडताच फळ्या धडधडल्या, आणि दोन्ही बाजूंच्या लव्हाळ्यातून बदकं फडफडत उठली. सकाळी ह्याच फळ्यांवरून चौदा मुलं मांजराच्या पावलांनी गेली होती, तेव्हा एक पीस हललं नव्हतं.

तिने हाक मारली. आधी मुंगी म्हणून, मग हजेरीतलं पूर्ण नाव घेऊन, मग नुसतंच "बाळा, ए बाळा." तळ्याने हाक घेतली आणि पलीकडच्या काठावरून परत केली. तिसऱ्या हाकेला ती मधेच थांबली. ज्या पोराला आवाजच नाही, ते ओ कसं देणार? पाण्यात असेल तरी, काठावर असेल तरी. ती ओरडत राहिली तर एखादी बारीकशी चाहूल तिच्याच आवाजाखाली बुडून जाईल.

मुलांना शिट्ट्या द्यायचं तिच्या मनात आलं होतं. वहीत लिहून खोडलं होतं. शिट्ट्या नकोत, पक्षी.

मग ती गप्प उभी राहिली. पाणी फळ्यांखाली चुळकचुळक करत होतं. ते तसंच करतं, कुणी त्यात पडलं असलं तरी आणि नसलं तरी.

पुलाच्या वळणावर, कठड्याच्या पलीकडे, एक छोटी चप्पल तरंगत होती.

मावशी फळ्यांवर पालथी पडली. कठड्याच्या फटीतून तिने खांद्यापर्यंत हात घातला, पोचला नाही. मोडकं लव्हाळं घेऊन तिने चप्पल जवळ ओढायला सुरुवात केली, आणि ओढताना मुंगीच्या पायात काय होतं ते आठवायचा प्रयत्न केला. आठवेना. अंगात काय होतं तेही आठवेना. लाल? पिवळं? संडास किती पावलांवर आहे ते तिला पाठ होतं, आणि पोरीच्या अंगातला रंग डोळ्यांपुढे येत नव्हता. कुणी विचारलं असतं, बाई, मुलगी कशी दिसते, तर ती म्हणाली असती, लहान.

चप्पल हाताला लागली. पट्टा तुटलेला, तळव्यावर बोटभर शेवाळ. कितीतरी पावसाळे पाण्यात काढलेली. मावशीने ती कोरडी करावी तशी स्वतःच्या कपड्याला पुसली आणि फळीवर नीट ठेवली. का ठेवली कोण जाणे.

तिथेच पडल्या पडल्या तिने कठड्याची फट पुन्हा मोजली. एक वीत दोन बोटं. वीत तिचीच होती, आणि आज ती थरथरत होती. थरथरती वीत जास्त भरते की कमी?

पुलाच्या टोकाला पक्षी बघायची खोली होती: लाकडी, बुटकी, तळ्याच्या बाजूला आडव्या फटी असलेली. मोठ्यांसाठी वर एक फट, तिच्यासमोर लांब बाक. आणि बाकाखाली, जमिनीपासून हातभर उंचीवर, आणखी एक फट. कुठल्यातरी सुताराने फळी कमी पडली म्हणून सोडलेली असणार. ती मावशीलाच सापडली होती, पाहणीच्या दिवशी उकिडवी बसली तेव्हा. "ही तुमची खिडकी," असं तिने आज मुलांना सांगितलं होतं, आणि मुलं पाळीपाळीने बाकाखाली सरपटली होती. निघतानाची खूणही तिचीच. बोलायचं नाही; मावशीने हात वर केला की उठायचं आणि एकामागे एक बाहेर पडायचं. एरवी हात धरून जोडीने चालायचं, पण पुलावर जोडी सोडायची, कारण फळ्या अरुंद. सगळं इतकं छान पार पडलं होतं. एक शब्द न बोलता तेरा मुलं बाहेर पडली होती, आणि मावशीने दारात उभं राहून खोलीवरून नजर फिरवली होती.

आता ती त्याच दारात उभी राहिली. बाक रिकामा होता. कोपरे रिकामे होते. वरच्या फटीतून उन्हाची पट्टी भिंतीवर पडली होती.

इथे नाही म्हणजे मग कुठे, ह्याचं एकच उत्तर उरत होतं आणि ते चारही बाजूंनी चुळकचुळक करत होतं. मावशी वळली. तिला बसायचं नव्हतं, घाई होती. पण गुडघ्यांनी विचारलं नाही. ती उंबऱ्यावर मटकन बसली.

आणि बसल्यावर तिला बाकाखाली दोन तळवे दिसले.

लहान, धुळीने माखलेले, अंगठे जमिनीकडे. एका तळव्याला गवताची काडी चिकटली होती. तळवे हलत नव्हते.

मावशीलाही हलता येईना. तिने श्वास घेतला नाही. जणू तो घेतला की जे काय आहे ते खरं ठरेल.

मग डाव्या पायाचा अंगठा सावकाश उचलला गेला आणि त्याने उजवा घोटा खाजवला.

मावशीच्या तोंडून कसला तरी आवाज निघाला असावा. बाकाखालून एक हात मागे आला आणि त्याने बोटं हलवली, गप्प, गप्प. मुंगीने मान वळवली. गालावर फळीचे वळ उठले होते. तिने ओठांवर बोट ठेवलं.

मावशी रांगत गेली. बाकाखाली ती मावत नव्हती, तरी मावली. मुंगीच्या अंगात हिरवं होतं. हिरवं, खिशावर पांढरं बटण. फटीच्या पलीकडे, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, एक पाणकोंबडी चिखलात चोच मारत होती. ती एक पाऊल टाकायची, थांबायची, शेपटी उडवायची, पुन्हा एक पाऊल.

"तिला कळलंच नाही मी आहे ते," मुंगी म्हणाली. म्हणजे तिच्या ओठांतून नुसती हवा आली, आणि कान तिच्या तोंडाशी होता म्हणून मावशीला ती ऐकू आली.

मावशीने पोरीच्या पाठीवर हात ठेवला. पाठ वरखाली होत होती. ती तशीच होऊ दे, इतकंच तिला हवं होतं.

"सगळे गेले ना?" मुंगीने विचारलं.

"हो."

"मला वाटलंच. मी मागे बघितलं तर कुणीच नव्हतं. तू पण नव्हतीस." ती थांबली. "तू हरवली होतीस?"

पाणकोंबडीने एक पाऊल टाकलं.

"तूच सांगितलंस," मुंगी म्हणाली, "हरवलं की एकाने हलायचं नाही आणि दुसऱ्याने शोधायचं. मला वाटलं तू शोधशील, म्हणून मी हलले नाही. मला शू लागली होती, तरी हलले नाही. दोघी हललो असतो तर भेटलोच नसतो ना?"

"नसतो."

"तू घाबरलीस?"

"हो," मावशी म्हणाली. "खूप."

मुंगीने ह्यावर विचार केला. मग मावशीच्या हातावरचं शेवाळ नखाने खरवडून काढलं. "मी नाही सांगणार कुणाला," ती म्हणाली. "तुला रागावतील."

मावशी पोरीला बाकाखालून काढून संडासात घेऊन गेली. अडुसष्ट पावलं, वहीत होती तितकीच. येताना पुलावर तिने मुंगीचा हात इतका घट्ट धरला की मुंगीने तो दोनदा हळूच सोडवून पाहिला.

बसमध्ये एकही पोर बोलत नव्हतं. मुंगी चढली तसा भोंगा उठला आणि त्याने तिला खिडकीची जागा दिली, जी तिचीच होती. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून तो मोठमोठ्याने रडू लागला, आणि काकांनी बस सुरू केली तरी त्याचाच आवाज वर राहिला. मुंगीने केळं सोललं, अर्धं मोडून त्याच्या मांडीवर ठेवलं. रडत रडत त्याने ते खाल्लं.

मावशी दांडी धरून उभीच राहिली. वाटेत तिने तीनदा डोकी मोजली, हात लावून.

"बसा आता," काका म्हणाले. मग आवाज खाली आणून, रस्त्यावरची नजर न काढता: "एक सांगू? पोर मिळालं, विषय संपला. घरी सांगत बसू नका. वाचनालयाची कमिटी आधीच टपून बसलीय. उद्यापासून सहली बंद, आणि पोरं बसतील भिंतीकडे बघत."

"मुलं सांगतीलच."

"पोरांचं कोण खरं धरतंय? मागच्या खेपेला बारा नंबरने घरी सांगितलं, फळबागेत वाघ होता म्हणून. कुणी आलं का विचारायला?"

मावशीने वही उघडली, शेवटच्या रकान्यात पेन टेकवलं, आणि वाचनालय येईपर्यंत ते तसंच टेकवून बसली. तिथे शाईचा एक ठिपका झाला, आणि तो पसरत गेला.

वाचनालयाच्या पायऱ्यांवर आईबाप उभे होते. एकेक हात एकेका हातात देऊन झाला. काय पाहिलं रे? बदकं. अजून? मुंगी हरवली. हो का, बरं, चपला नीट घाल. काकांनी लांबून मावशीकडे पाहून भुवई उडवली: बघा, म्हटलं नव्हतं?

मुंगीची आई सगळ्यांत शेवटी आली, कारखान्यातून थेट. मनगटावर टाचण्यांची उशी तशीच बांधलेली, केसांत दोऱ्याचं एक टोक.

"आज मला यायला जमलं नाही, फार वाईट वाटलं हो मावशी. त्रास नाही ना दिला हिने? आवाज आला का गं?"

मुंगीने मान हलवून नाही म्हटलं आणि आईला खाली वाकायची खूण केली. आई वाकली. मुंगी तिच्या कानात बराच वेळ बोलत राहिली. आईच्या मनगटावर टाचण्यांची टोकं चमकत होती. मावशी त्या टाचण्या मोजत होती. एकोणीसपर्यंत आली.

आई सरळ उभी राहिली. ती हसत होती.

"म्हणते, तुम्ही हरवला होतात. आणि हिने तुम्हाला शोधून काढलं. आणि कुणाला सांगायचं नाही म्हणे, तुम्हाला रागावतील." तिने मुंगीच्या डोक्यावर टपली मारली. "काय पण कारटी. चला, थँक्यू हं मावशी. पुढच्या वेळी मी नक्की येते."

काकांनी बसचं दार ओढून घेतलं. रस्ता रिकामा झाला होता. आईने मुंगीची बाटली खांद्याला अडकवली आणि एक पायरी उतरली.

"जरा आत येता का?" मावशी म्हणाली. "पाचच मिनिटं. बसून बोलू."

आई हसतच परत चढली. वाचनालयात मोठ्यांच्या मापाची खुर्ची एकच होती. मावशीने ती पुढे केली आणि स्वतः मुलांच्या स्टुलावर बसली, गुडघे हनुवटीशी घेऊन. मधल्या बुटक्या टेबलावर तिने वही ठेवली आणि तळ्याचं पान उघडलं. आईचं हसू अजून चेहऱ्यावर होतं, फक्त आता ते काही तरी शोधत होतं.

खुर्चीच्या मागे मुंगी उभी होती. तिने डोळे मोठे केले, जोरजोरात मान हलवली आणि ओठांवर बोट ठेवलं.

मावशीने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या आईकडे.

"सकाळी तुम्ही फोन केलात ना," ती म्हणाली, "तिथपासून सांगते."